सेन नावाचा जिल्हा

फ्रान्सच्या आजच्या नकाशावर सेन-ए-मार्न आहे, सेन-मारितीम आहे, ओ-द-सेन आहे, सेन-सँ-दनी आहे. नुसता सेन मात्र नाही. (शाळेच्या भूगोलात आपण जिला ‘सीन’ म्हणत होतो तीच ही नदी; फ्रेंच लोक तिला सेन म्हणतात, म्हणून इथे सेन.) या नावाचा जिल्हा १७९० साली जन्मला, १७९५ साली त्याला नदीचं नाव मिळालं आणि १९६७ सालच्या शेवटच्या रात्री तो संपला. १९६२च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेछप्पन्न लाखांच्या आसपास होती. पॅरिस त्याच्या पोटात होतं.

जिल्हा म्हणतोय तो सोयीसाठी. मूळ फ्रेंच शब्द देपार्तमाँ. मराठीत त्याला कुणी कुणी विभाग म्हणतात, पण आपल्याकडे विभाग म्हटलं की पुणे विभाग, कोकण विभाग असं काहीतरी मोठं डोळ्यांसमोर येतं. देपार्तमाँचा आकार आणि काम बघता जिल्हा जवळचा. त्याचा प्रमुख असतो प्रीफे. केंद्र सरकारने नेमलेला, बदली होणारा, जनतेने न निवडलेला. आपला कलेक्टर आठवला तर फार चुकणार नाही.

या एका जिल्ह्याच्या मागे मी वर्षभर लागलो, त्याचं कारण त्याचं नाव. फ्रान्समधल्या बहुसंख्य जिल्ह्यांना नद्यांची नावं आहेत आणि ती का दिली याचं एक ठरलेलं, गोड उत्तर आहे: निसर्गाची नावं सगळ्यांची असतात, त्यात कुणाचा मानापमान नसतो. बाकीच्या जिल्ह्यांपुरतं हे उत्तर बऱ्यापैकी खरं आहे. सेनच्या बाबतीत मात्र ते मला पटत नाही.

आधी थोडं मागे जावं लागेल. राज्यक्रांतीपूर्वीच्या फ्रान्सचा नकाशा म्हणजे गोधडी होती. ब्रिटनी, नॉर्मंडी, बर्गंडी, प्रोव्हान्स असे प्रांत होते. पण करवसुलीच्या हद्दी वेगळ्या, न्यायालयांच्या वेगळ्या, बिशपांच्या वेगळ्या, लष्करी सुभ्यांच्या आणखी वेगळ्या. मिठावरचा कर एका प्रांतात भरमसाट आणि नदी ओलांडली की नावापुरता. ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री संविधान सभेने सरदारांचे, प्रांतांचे आणि शहरांचे विशेषाधिकार रद्द केले. मग प्रश्न आला की या गोधडीच्या जागी काय.

२९ सप्टेंबर १७८९ रोजी तूरे नावाच्या वकील-सभासदाने समितीचा आराखडा मांडला. देशाचे ऐंशी चौकोन करायचे, प्रत्येकाची बाजू अठरा ल्यू, म्हणजे सुमारे सत्तर किलोमीटर, पॅरिस वेगळं. प्रत्येक चौकोनाचे नऊ भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा नऊ. हा आराखडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमच्या धंद्यातला तो उत्साही माणूस आठवला, जो जुना कोड वाचायच्या आधीच सगळं नव्याने लिहायला बसतो. मिराबोने विरोध केला. जमीन सारखी वाटून काय उपयोग, माणसं सारखी वसलेली नाहीत, असा त्याचा साधारण मुद्दा. त्याला लोकसंख्येच्या हिशोबाने एकशेवीस जिल्हे हवे होते. शेवटी चौकोन बारगळले. त्या त्या प्रांतातले सभासद नकाशे घेऊन बसले, कुठल्या गावाला मुख्यालय मिळणार यावरून यथेच्छ भांडले आणि बहुतेक ठिकाणी जुन्या प्रांतांच्या आतच रेघा ओढून मोकळे झाले. ब्रिटनीचे पाच झाले, नॉर्मंडीचे पाच. एकूण त्र्याऐंशी.

२६ फेब्रुवारी १७९०च्या हुकुमाने नावं ठरली. राजाचं नाव नाही, संताचं नाही, जुन्या प्रांताचं तर नाहीच. जिरोंद, सोम, मार्न, दोर्दोन्य या नद्या. जुरा, व्होज, काँताल हे डोंगर. माँश ही खाडी. ब्रिटनीचा माणूस आता ब्रेताँ राहिला नाही, तो ‘लोआर-ॲँफेरिअर’चा, म्हणजे खालच्या लोआरचा झाला. त्या ‘खालच्या’ शब्दाचा पुढे फार त्रास झाला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कनिष्ठ असाही होतो, आणि आपण कनिष्ठ जिल्ह्याचे असं पत्रावर लिहिणं कुणाला आवडेल? १९५५ साली सेन-ॲँफेरिअरने स्वतःचं नाव सेन-मारितीम करून घेतलं, १९५७ साली लोआरच्या जिल्ह्याने लोआर-आतलाँतिक. म्हणजे निसर्गाच्या नावालाही मानापमान चिकटतो. फक्त जरा वेळ लागतो.

या त्र्याऐंशींत एक अपवाद होता. पॅरिसच्या जिल्ह्याचं नाव ‘पॅरिस’च ठेवलं गेलं. त्याचा आकारही वेगळा होता: नोत्र-दाम मध्यभागी धरून साधारण तीन ल्यू त्रिज्येचं वर्तुळ. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्याही आत, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यांपुढे एक टिकली. चारही बाजूंनी त्याला सेन-ए-वाझ या जिल्ह्याने वेढलेलं, आणि त्याचं मुख्यालय राजवाड्याच्या व्हर्सायमध्ये. एवढं लहान का? बाकी देशातल्या सभासदांना पॅरिसची धास्ती होती. शहराला मोठा मुलूख जोडून दिला तर ते सगळ्यांच्या डोक्यावर बसेल, अशी.

धास्ती अनाठायी नव्हती. १० ऑगस्ट १७९२ रोजी राजवाड्यावर चाल करून जाणारी ताकद पॅरिसच्या बंडखोर नगरपालिकेची, म्हणजे कोम्यूनची होती. पुढची दोन वर्षं देशाच्या संसदेला शहराच्या नगरपालिकेकडे बघून पावलं टाकावी लागली. जुलै १७९४मध्ये रोबेस्पिएर पडला तेव्हा कोम्यून त्याच्या बाजूने उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पॅरिसचा महापौर फ्लरियो-लेस्को यालाही गिलोटिनवर चढवलं. त्यानंतर महापौरपदच गेलं. १७९५ साली शहराचे बारा तुकडे करून बारा वेगवेगळ्या नगरपालिका बनवल्या गेल्या, म्हणजे सगळ्या शहराच्या वतीने बोलणारं कुणी उरू नये. आणि त्याच वर्षी पॅरिस जिल्ह्याचं नाव बदलून सेन झालं.

या दोन गोष्टी मी शेजारी ठेवतो तेव्हा नदीचं नाव मला निरागस वाटत नाही. बाकी ठिकाणी नदी आली ती जुना प्रांत विसरला जावा म्हणून. इथे विसरायचं होतं ते खुद्द शहर. सेन जिल्ह्याची कहाणी ही पॅरिसला स्वतःच्या नावाने कारभार करू न देण्याची कहाणी आहे, आणि ती जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चालली.

नेपोलियनने १८०० साली प्रत्येक जिल्ह्यावर एक प्रीफे बसवला. सेनला दोन मिळाले. एक सेनचा प्रीफे, रस्ते-पाणी-शाळा-कर पाहणारा. दुसरा पोलिसांचा प्रीफे. राजधानीची सगळी सूत्रं एकाच माणसाच्या हाती नकोत, हा हिशोब उघड होता.

पहिला सेनचा प्रीफे फ्रोशो. बारा वर्षं त्याने नेटाने काम केलं आणि एका सकाळीत ते घालवलं. २३ ऑक्टोबर १८१२. नेपोलियन रशियात होता. माले नावाचा एक सेनापती नजरकैदेतून निसटला, खोटे कागद दाखवून ‘सम्राट मॉस्कोजवळ मेला’ असं त्याने पसरवलं, तुरुंगातल्या दोन सेनापतींना सोडवलं आणि पोलीसमंत्री व पोलिसांचा प्रीफे या दोघांनाच आत टाकलं. फ्रोशो त्या रात्री शहराबाहेरच्या घरी होता. सकाळी येताना वाटेत त्याला चिठ्ठी मिळाली की नवं हंगामी सरकार नगरभवनात बसणार आहे, दालन तयार ठेवा. त्याने दालन तयार ठेवलं. टेबलं, खुर्च्या. काही तासांत बंड फसलं, आठवड्याभरात मालेला गोळ्या घातल्या. नेपोलियन परतल्यावर त्याला सगळ्यांत झोंबलं ते हे की बाप मेला ऐकून कुणालाही त्याच्या मुलाची, वारसाची आठवण झाली नाही. फ्रोशोची नोकरी गेली. मला तो माणूस खलनायक वाटत नाही. वरून आदेश आला की खुर्च्या मांडायच्या, हेच तर त्याला बारा वर्षं शिकवलं होतं.

या पदावरचं सर्वांत मोठं नाव अर्थात ओसमान. १८५३ ते १८७० तो सेनचा प्रीफे होता. सरळ रुंद रस्ते, पाडलेल्या गल्ल्या, झाडांच्या रांगा हे सगळं वाचकांना ठाऊक असतं. एवढी उलथापालथ कुठल्याही निवडून आलेल्या महापौराशिवाय, नेमलेल्या नगरसेवकांच्या संमतीने झाली, हे सहसा सांगितलं जात नाही. १ जानेवारी १८६० रोजी बेलव्हिल, मोंमार्त्र, ला व्हिलेत, बातिन्योल, वोजिरार अशी वेशीबाहेरची गावं पॅरिसमध्ये घेतली गेली आणि बाराचे वीस वॉर्ड झाले. गावकऱ्यांना विचारायची पद्धत होती, हरकती नोंदवल्याही गेल्या, आणि गावं घेतली गेली.

ओसमानच्या काळातला मला जास्त बोलका वाटणारा भाग जमिनीखाली आहे. त्याचा इंजिनिअर बेलग्राँ याने पॅरिसकरांना पिण्यासाठी दूरच्या झऱ्यांचं पाणी आणलं, कारण सेनचं पाणी पिण्याजोगं राहिलं नव्हतं. आणि शहराचं सांडपाणी गोळा करून एका मोठ्या गटाराने खालच्या अंगाला, क्लिशी-आस्निएरपाशी, पुन्हा सेनमध्ये सोडलं. क्लिशी सेन जिल्ह्यातच होतं, फक्त पॅरिसच्या बाहेर. १८६४ साली पॅरिसने सेनच्या उगमाची जागा विकत घेतली. ती आजही शहराच्या मालकीची आहे. पॅरिसपासून अडीचशेएक किलोमीटर लांब, कोत-दोर जिल्ह्यात, तिथे एका कृत्रिम गुहेत जलदेवतेचा पुतळा बसवला आहे. उगमाशी पुतळा आणि क्लिशीला गटार. (भूगोलवाले आणखी एक खोडी काढतात. मोंतरो गावापाशी योन नदी सेनला मिळते, तिथे योनचं पाणी सेनपेक्षा जास्त भरतं. पाण्याच्या हिशोबाने पॅरिसमधून योन वाहते. म्हणजे जिल्ह्याचं नावही परक्याचंच.)

पुढे हेच वळण पडलं. शहराला जे हवं पण डोळ्यांसमोर नको, ते जिल्ह्याच्या उरलेल्या भागात जायचं. गॅसचे कारखाने, रसायनांचे कारखाने, मैलापाण्यावरची शेती. १८८६ साली पाँतँ आणि बान्यो इथे मोठी दफनभूमी झाली. गावं वेगळी, दफनभूमी पॅरिसची.

१८७१च्या वसंतात पॅरिसने पुन्हा कोम्यून स्थापन केली. दोन महिन्यांनी सरकारी फौजा शहरात घुसल्या आणि त्या रक्तबंबाळ आठवड्यात, २४ मे रोजी, नगरभवन जळालं. आत पॅरिसच्या जन्म-मृत्यू-विवाहांच्या नोंदी होत्या. नियमाप्रमाणे प्रत्येक नोंदीची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत, न्यायभवनात ठेवलेली होती. न्यायभवनही त्याच दिवसांत पेटलं. १८६० आधीच्या सुमारे ऐंशी लाख नोंदी गेल्या. कुटुंबांकडचे कागद, चर्चची रजिस्टरं जमवून त्यांपैकी साधारण एक तृतीयांश पुन्हा उभ्या करता आल्या. बॅकअप ठेवला होता, पण नदीच्या पलीकडे दहा मिनिटांच्या चालीवर. सेन जिल्ह्याच्या इतिहासातला हा एकच प्रसंग मी ऑफिसात तीन वेळा सांगितला आहे.

कोम्यून चिरडल्यावर पॅरिसवरचा अविश्वास कायद्यात उतरला. शहराला ऐंशी जणांचं निवडलेलं सभागृह मिळालं, पण महापौर नाही. अंमलबजावणी सेनच्या प्रीफेची. १८८४च्या कायद्याने फ्रान्समधल्या छत्तीस हजार गावा-शहरांचे महापौर त्यांच्या त्यांच्या सभागृहाने निवडायचे हे पक्कं झालं. मेंढरं जास्त आणि माणसं कमी असलेल्या डोंगरी खेड्यालासुद्धा निवडलेला महापौर होता. अपवाद एकच, पॅरिस. तो मिळाला १९७७ साली, जाक शिराक. मुंबईच्या वाचकाला हे फार नवलाचं वाटू नये: आपल्याकडे महापौर असतो, पण चाव्या राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात, आणि मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ तर सभागृहच नव्हतं.

उपनगरांची अवस्था पॅरिसहून वाईट. जिल्ह्याचं सभागृह म्हणजे पॅरिसचे तेच ऐंशी नगरसेवक, आणि १८७१च्या व्यवस्थेत बाकी सगळ्या गावांचे मिळून आठ. १९३१ साली पॅरिसमध्ये सुमारे एकोणतीस लाख लोक होते आणि पॅरिसबाहेरच्या सेन जिल्ह्यात सुमारे वीस लाख. हे वीस लाख कारखान्यांभोवती, चिखलाच्या प्लॉटांवर, पाण्याच्या नळाशिवाय वाढले होते. त्यांनी मतं दिली ती कम्युनिस्टांना. सँ-दनी, इव्ह्री, बोबिन्यी ही गावं एकेक करून लाल झाली आणि पॅरिसभोवतीच्या त्या पट्ट्याला ‘लाल उपनगर’ नाव पडलं.

पण एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. जिल्ह्याने या लोकांसाठी काही केलं नाही असं नाही. स्युरेनचा समाजवादी महापौर आँरी सेलिए याच्या पुढाकाराने सेन जिल्ह्याचं स्वतःचं गृहनिर्माण मंडळ १९१५ साली निघालं. स्वस्त भाड्याची, हवेशीर घरं, मध्ये बागा, शाळा, न्हाणीघरं. स्युरेन, स्ताँ, शातने-मालाब्री इथल्या त्या वसाहती आजही बघण्यासारख्या आहेत. त्यांतलीच एक द्राँसीला, ‘सिते द ला म्युएत’. १९३०च्या दशकातलं अगदी आधुनिक बांधकाम: तयार सांगाडे जोडून उभे केलेले पाच मनोरे आणि मोठ्या चौकाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची चार मजली इमारत. पैसे संपले, इमारत अर्धवट राहिली.

ही इमारत पुढे कशासाठी वापरली गेली हे सांगायच्या आधी एका कार्डांच्या कपाटाबद्दल सांगायला हवं. सप्टेंबर १९४०च्या जर्मन हुकुमानुसार व्यापलेल्या भागातल्या ज्यूंना नावं नोंदवायला लावली. सेन जिल्ह्यात हे काम पोलिसांच्या प्रीफेकडे आलं. ऑक्टोबरमध्ये जवळपास दीड लाख लोक आपापल्या पोलीस चौकीवर जाऊन नाव लिहून आले. बहुतेकांना वाटलं, सरकारी काम आहे, केलेलं बरं. तुलार नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली या नोंदींची कार्डं बनली आणि ती चार प्रकारे लावली गेली: आडनावाने, राष्ट्रीयत्वाने, व्यवसायाने आणि राहत्या रस्त्याने. मी हे वाचलं तेव्हा थांबलो. एकाच टेबलावर चार इंडेक्स. आम्ही रोज हेच करतो, शोध पटकन लागावा म्हणून. रस्त्याप्रमाणे लावलेली कार्डं कशासाठी लागतात हे १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी दिसलं, जेव्हा फ्रेंच पोलीस याच कार्डांवरून काढलेल्या चिठ्ठ्या हातात घेऊन दारोदार गेले. सुमारे तेरा हजार माणसं पकडली, त्यांत चार हजारांवर मुलं. बरीच आधी एका सायकलशर्यतीच्या बंदिस्त मैदानात कोंडली. बाकीची थेट द्राँसीला, त्या अर्धवट नालेच्या आकाराच्या इमारतीत. १९४२ ते १९४४मध्ये सुमारे त्रेसष्ट हजार माणसं द्राँसीतून पूर्वेकडच्या छावण्यांना पाठवली गेली, बहुतेक ऑशविट्झला. सेलिएला व्हिशी सरकारने १९४१ साली महापौरपदावरून काढलं. युद्ध संपायच्या आत तो वारला. मनोरे नंतर पाडले. नालेची इमारत उभी आहे, तिच्यात स्वस्त भाड्याची घरं आहेत आणि लोक राहतात.

पोलिसांच्या प्रीफेचं नाव या कहाणीत पुन्हा येतं, १९६१ साली. तेव्हा त्या खुर्चीवर मोरिस पापों होता. त्याचा प्रवास पाहा: युद्धकाळात जिरोंदच्या प्रीफेक्चरमध्ये सरचिटणीस, मग अल्जेरियातल्या कॉन्स्तांतीनचा प्रीफे, मग १९५८पासून पॅरिस. (जिरोंदमधल्या कामासाठी त्याला १९९८ साली मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यातला साथीदार म्हणून शिक्षा झाली.) अल्जेरिया तेव्हा कायद्याने वसाहत नव्हती; अल्जिए, ओराँ आणि कॉन्स्तांतीन हे १८४८पासून फ्रान्सचे जिल्हे होते, लोआर किंवा सोमसारखे. फरक इतकाच की तिथल्या बहुसंख्य मुसलमानांना बरोबरीचं मत नव्हतं. ऑक्टोबर १९६१मध्ये पॅरिस परिसरातल्या अल्जेरियनांवर रात्रीची संचारबंदी लादली गेली. १७ तारखेला नाँतेरच्या झोपडपट्ट्यांतून, उपनगरांतून हजारो लोक सणाचे कपडे घालून निषेधाला आले. अकरा हजारांवर अटका झाल्या. पोलिसांनी माणसं मारली आणि कित्येकांना सेनमध्ये फेकलं. तेव्हा सरकारने तीन मृत्यू मान्य केले. इतिहासकारांचे आकडे काही डझनांपासून दोनशेच्या पुढे जातात. सँ-मिशेल पुलापाशी २००१ साली एक पाटी लागली. २०२४च्या ऑलिंपिकचा उद्‌घाटन सोहळा सेनवर बोटींतून झाला, त्यात अल्जेरियाच्या खेळाडूंनी पाण्यात लाल गुलाब टाकले.

मग जिल्हा मोडला. ते काम ज्याच्याकडे आलं तो पॉल दलुव्रिए १९५८ ते १९६० अल्जेरियात फ्रान्सचा सर्वोच्च प्रतिनिधी होता; १९६१ साली त्याला पॅरिस परिसराची घडी बसवायला आणलं. कारणं खरी होती. साडेछप्पन्न लाखांच्या जिल्ह्याला एक प्रीफे पुरत नव्हता, आणि वेढणाऱ्या सेन-ए-वाझच्या टोकाच्या माणसाला कामासाठी पॅरिस ओलांडून व्हर्साय गाठावं लागे. १० जुलै १९६४च्या कायद्याने सेनचे पॅरिस, ओ-द-सेन, सेन-सँ-दनी आणि व्हाल-द-मार्न असे चार तुकडे झाले; सेन-ए-वाझचे इव्हलिन, एसोन आणि व्हाल-द्वाझ. रेघा ओढताना लाल मतांचा हिशोब झाला, यावर फ्रान्समध्ये फारसा वाद नाही. दोन जिल्हे कम्युनिस्टांना जाणार हे धरून चालायचं आणि बाकीचे सुरक्षित करायचे. १९६७च्या निवडणुकीत सेन-सँ-दनी त्यांच्याकडे गेला तो थेट २००८पर्यंत. १ जानेवारी १९६८ रोजी नवे जिल्हे सुरू झाले. एकशे त्र्याहत्तर वर्षांनी पुन्हा ‘पॅरिस’ नावाचा जिल्हा आला. आणि १ जानेवारी २०१६पासून पॅरिस अधिक भोवतालचे तीन जिल्हे आणि काही गावं, अशा एकशे एकतीस नगरपालिकांचं ‘ग्राँ पारी’ महानगर केलं आहे. जुन्या सेनवर नकाशा ठेवून बघा, ओळखू येतो.

नाव गेलं, पण क्रमांक राहिला. फ्रान्समध्ये बहुतेक जिल्ह्यांना दोन आकडी संकेतांक असतो आणि तो वर्णानुक्रमाने दिलेला आहे. गाडीच्या पाटीवर, पिनकोडच्या सुरुवातीला, सगळीकडे तोच. आपल्याकडे एमएच १२ म्हटलं की पुणे, तसं. मला बरेच दिवस कळत नव्हतं की पॅरिसचा क्रमांक ७५ का. ‘प’ने सुरू होणारी बाकी नावं साठीच्या आसपास आहेत. मग यादी नीट लावली: ७३ साव्ह्वा, ७४ ओत-साव्ह्वा, ७६ सेन-मारितीम, ७७ सेन-ए-मार्न. ७५ ही सेनची जागा आहे. पॅरिसमधल्या प्रत्येक पत्त्याच्या शेवटी त्या पुसलेल्या जिल्ह्याचा नंबर आहे. ७८ हा सेन-ए-वाझचा, तो इव्हलिनला मिळाला.

उरलेल्या पाच नव्या जिल्ह्यांना नंबर हवे होते. यादी ९० वर संपत होती, आणि पुढचे रिकामे होते. रिकामे होते, कारण ९१ अल्जिए, ९२ ओराँ आणि ९३ कॉन्स्तांतीन असे ते पूर्वी होते. शेवटच्या काही वर्षांत अल्जेरियातले जिल्हे वाढवले तेव्हा तिथे ९ आणि पुढे अक्षर असे गाड्यांचे नंबर आले, आणि १९६२ साली अल्जेरिया स्वतंत्र झाल्यावर सगळेच सुटे झाले. ते उचलून दिले: एसोनला ९१, ओ-द-सेनला ९२, सेन-सँ-दनीला ९३. म्हणजे नाँतेर, जिथल्या झोपडपट्टीतून १९६१ची माणसं निघाली होती, ते ओराँच्या नंबरात गेलं. डेटाबेस शिकवणारा कुठलाही मास्तर पहिल्या आठवड्यात सांगतो की रद्द झालेला क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. यात कुणी मुद्दाम काही केलं असं मला म्हणायचं नाही. नंबर मोकळे होते, घेतले. सेन-सँ-दनीच्या पोरांनी पुढे तो आकडा आपलाच करून टाकला. ‘त्र्याण्णव’ न म्हणता ते ‘नऊ-तीन’ म्हणतात, आणि तिथल्या रॅप गाण्यांनी तो देशभर नेला.

फ्रान्समध्ये प्रत्येकाचा एक सामाजिक सुरक्षा क्रमांक असतो, तेरा आकडी. पहिला आकडा पुरुष की स्त्री, मग जन्मवर्षाचे दोन, महिन्याचे दोन, आणि त्यानंतरचे दोन जन्म झाला त्या वेळच्या जिल्ह्याचे. जिल्हा मोडला तरी हा क्रमांक बदलत नाही. त्यामुळे १९५५ साली बोबिन्यीला जन्मलेल्या बाईच्या क्रमांकात ७५ आहे, कारण तेव्हा बोबिन्यी सेनमध्ये होतं. त्याच गावात १९८० साली झालेल्या तिच्या मुलाच्या क्रमांकात ९३ आहे. आणि तिच्याच मजल्यावर राहणारी एखादी शेजारीण १९५५ साली कॉन्स्तांतीनला जन्मलेली असेल, तर तिच्याही क्रमांकात ९३ आहे.